मेंढका मिस्त्री

परळीच्या रस्त्यावर कुणाला 'मेंढक्या' म्हटलं तर ते कौतुक नसतं. 'मेंढका' हा सरळ शब्द आहे. मेंढरं राखतो तो मेंढका. पण शेवटी 'क्या' आला की त्यात तुच्छता येते. आमच्याकडं माणसाला खाली बसवायला दर वेळी शिवी लागत नाही, एवढं पुरतं. सटवा मिस्त्रीला हा शब्द दिवसातून दोन-चार वेळा ऐकावा लागायचा, आणि सगळ्यात मोठ्यानं तो उच्चारायचे आमचे मालक सुंदरराव.

मी बद्रीनाथ. बी.ए. झालो आणि ट्रॅक्टरवर बसलो. कुणाला हसू आलं असेल तर हसून घ्यावं, मला सवय आहे. सुंदररावांचे चार ट्रॅक्टर राखेवर चालतात. औष्णिक केंद्राची राख भरायची आणि खिंडीपलीकडच्या वीटभट्ट्यांवर ओतायची, हे आमचं काम. राख वाहणाऱ्या मालकांची संघटना आहे, तिचे अध्यक्षही तेच. शिवाय पंचायत समितीला एकदा निवडून आलेले. त्यामुळं ते जे बोलतात ते रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांना लागू होतं.

सटवा मूळचा चकलांब्याकडचा. वयाच्या पंचविशीपर्यंत बापामागं मेंढरं घेऊन हिंडला. मग रानं उसाखाली गेली, चरायला बांधसुद्धा उरेनात, तेव्हा कळप विकला. विहिरीवरची डिझेल इंजिनं उघडून बघता बघता हात बसला. शाळा तिसरीपर्यंत. आता पन्नाशीला आलाय. खिंडीच्या अलीकडं लिंबाखाली पत्र्याचं शेड, त्यावर 'सटवा ट्रॅक्टर गॅरेज' असा बोर्ड, आणि शेडच्या मागं त्याची आई साखराबाई. म्हातारीची जीभ कोयत्यापेक्षा धारदार. मिस्त्रीचं पोट, घर, इज्जत, सगळं त्या बोर्डाखाली.

आमच्या नव्या ट्रॅक्टरांचं एक दुखणं होतं. राखेत चार दिवस चालले की दम तोडायचे. भरलेली ट्रॉली घेऊन खिंडीचा चढ लागला की काळा धूर सुरू, रेस दिली तरी ताकद नाही, दुसऱ्या गिअरवर रडतखडत वर. शोरूमचा माणूस यायचा, एअर फिल्टर काढायचा, आपटायचा, नवा घालायचा, निघून जायचा. चार दिवसांनी पुन्हा तेच.

एकदा सटवानं बॉनेट उघडलं आणि मला विचारलं, "बद्री, याचं नाक कुठं हाय?"

हवा ओढायचं तोंड पुढच्या जाळीच्या मागं, कमरेएवढ्या उंचीवर होतं. मी दाखवलं.

"मंग खोकल न्हाई तर काय करल? कळपात शेपटीला चालणारं मेंढरू सगळ्यात आधी खोकतं. कावून? पुढच्यांच्या खुरांची धूळ त्याच्या नाकात जाती. धूळ कमरेच्या वर लई चढत न्हाई. म्हणून आमी मेंढके वाऱ्याच्या अंगानं चालतो अन् कोकरू खांद्यावर घेतो. याचं नाक बी खांद्यावर घ्यावं लागल."

"कंपनीनं विचार करूनच दिलं असल की," मी म्हणालो.

"कंपनीनं इचार केला, राख न्हाई बघितली. त्या साहेबाला आठ दिवस हितं झोपव, मंग नाक कुठं लावायचं ते त्यानं सांगावं."

मग मला त्यानं काळ्या धुराचा अर्थ समजावला. डिझेल पोटभर मिळतंय आणि श्वास मिळत नाही, म्हणून अर्धं जळलेलं बाहेर पडतंय. पोट भरलेल्या माणसाचं तोंड दाबून त्याला चढ चढायला लावायचं, असला प्रकार. त्यानं टपाच्या उंचीपर्यंत जाणारा रुंद लोखंडी पाइप बनवला. कुठंही काटकोन ठेवला नाही, कारण हवेला कोपरा आवडत नाही, वळण आवडतं. मूळचा फिल्टर होता तिथंच ठेवला. जोडांवर रबरी नळ्या आणि क्लिपा बसवल्या, इंजिन चालू केलं आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक जोडाजवळून फिरवली. धूर आत ओढला गेला की तिथं फट आहे, असं समजायचं. दोन फटी सापडल्या, त्या बंद केल्या. आणि पाइपाच्या तोंडाला त्यानं घोंगडीचा तुकडा बांधला.

मी हसलो. खरं सांगायचं तर पोट धरून हसलो.

"कावून हासतो बे? मेंढराची लोकर हाय. जाडी राख भाईर आडवती, हवा आत सोडती. बापानं सगळी हयात याच्यातनं श्वास घेतला."

सुंदररावांनी नको म्हटलं नाही. फुकटात होत असलेलं काम त्यांनी आजवर कधी नको म्हटलेलं नाही.

पहिली खेप मीच घेऊन निघालो. राख उडू नये म्हणून भरताना तिच्यावर पाणी मारतात. त्या दिवशीही मारलं, थोडं टपावर उडालं, मी लक्ष दिलं नाही. सपाटीला इंजिन गाणं म्हणत होतं. खिंडीच्या अर्ध्यात आलो आणि आवाज घुसमटला. काळाकुट्ट धूर, दोन आचके, आणि बंद. भरलेली ट्रॉली मागं सरकायला लागली. मी ब्रेकवर उभा राहिलो. मागच्या गाडीवाल्यांनी उड्या टाकून चाकांना दगड लावले म्हणून वाचलो. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या.

सुंदरराव जीपमधून आले. सटवाही धावत आला होता. पन्नास माणसं जमली होती, म्हणजे सुंदररावांना हवी तेवढी.

"मेंढरं हाकणाऱ्याच्या हातात इंजिन दिल्यावर दुसरं काय व्हणार?" ते गरजले. "ए मेंढक्या, इंजिनाला घोंगडी पांघरतो व्हय बे? त्याला थंडी वाजती का?"

सगळे हसले. मीही हसलो. नुकताच मरता मरता वाचलो होतो, पण मालक हसतायत म्हटल्यावर दात निघालेच. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

"सोमवारच्या बाजारापत्तोर बोर्ड उतरव," सुंदरराव म्हणाले. "मिस्त्री म्हणून या रस्त्यावर दिसायचं न्हाई. अन् आपल्यातली एक बी गाडी याच्याकडं जाणार न्हाई. समद्यांनी ऐकलं का?"

समद्यांनी ऐकलं. सटवा टपावर चढला, घोंगडीचा तुकडा सोडवला, बोटांनी चोळला आणि घेऊन गेला.

संध्याकाळी ट्रॅक्टर ओढून आणल्यावर मी त्याच्याकडं गेलो. तो तुकडा साखराबाईच्या मांडीवर होता. फळीसारखा कडक झाला होता, त्यावर राखेचा गिलावा.

"माझ्या पेटीतली कोरी घोंगडी फाडली ह्यानं," म्हातारी मला म्हणाली, पण शब्द लेकासाठी होते. "अन् म्हणं मेंढक्याचा लेक! कोऱ्या घोंगडीला चिंचोक्याची खळ आसती, हे कोण सांगणार, शोरूमवाला? पाणी लागलं की खळ फुगती, चिकाट व्हती. तिच्यातनं मुंगी जाणार न्हाई, हवा कुठली जाती?"

विणकर ताण्याच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ, म्हणजे घट्ट कांजी, देतात, त्यानं धागा ताठ राहतो. घोंगडी वर्षानुवर्षं वापरून, धुऊन, झिजून मऊ होते, तेव्हा कुठं खळ जाते. हे धनगराच्या पोराला माहीत असतंच. पण सटवाला वाटलं, मोठ्या मालकाचं काम आहे, जुनेर कसं लावायचं? चांगलं, कोरं लावावं. ज्या माणसानं आपल्याला कधी बसा म्हटलं नाही, त्याच्यासाठी त्यानं आईची कोरी घोंगडी फाडली होती. मला त्याचा रागच आला.

म्हातारीनं आपल्या अंगावरची घोंगडी काढली आणि त्याच्यापुढं टाकली. इतकी झिजलेली, की उजेडाला धरली तर पलीकडचा लिंब दिसत होता.

"ही घे. हिच्यातली खळ बावीस वर्सांत माझ्या पाठीवर गेली. अन् बोर्डाला हात लावलास तर याद राख."

सोमवारी बाजार भरायच्या आत सुंदरराव चार माणसं घेऊन शेडवर आले. बोर्ड जागेवरच होता. एक जण शिडी लावायला लागला, तसा सटवा शिडीच्या पायाशी जाऊन उभा राहिला. हात ग्रीसनं काळे, पण आवाज शांत.

"चूक माझी. पाइपाची न्हाई, लोकरीची न्हाई, माझी. कोरी घोंगडी लावली. ती कबूल. पर बोर्ड चुकीचा न्हाई."

"चूक कबूल हाय तर उतरव की."

"आजच्या आज पुन्हा लावतो. हाच ट्रॅक्टर, हाच चढ, तेवढीच राख, वरून पाणी मारा हवं तेवढं. न्हाई चढला तर बोर्ड माझ्या हातानं काढून तुमच्या जीपात ठेवतो अन् परळी सोडतो. चढला तर मला पैसा नको, काय नको. खिंडीच्या माथ्यावर समद्यांम्होरं मला हाक मारायची."

"काय म्हणून?"

"ते तवा सांगतो."

सुंदररावांना तमाशा आवडतो, फक्त तो दुसऱ्याचा असावा लागतो. ते हसून हो म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "बद्री, तू मेलास तर तुझी जबाबदारी मेंढक्याची बरं का."

"माझी जबाबदारी माझी मी घेतो, मालक," मी म्हणालो. सहा वर्षांच्या नोकरीत त्यांना उलट बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. बरं वाटलं.

सटवानं जुनी घोंगडी दुहेरी करून पाइपाच्या तोंडाला बांधली. तेलाचा पत्र्याचा डबा कापून वर छत्रीसारखा बसवला, म्हणजे पाणी सरळ पडणार नाही आणि खालून हवा येईल. फिल्टर साफ केला. उदबत्ती पुन्हा फिरवली. मग माझ्या शेजारी, मडगार्डवर येऊन बसला.

"तुमी कावून बसता?" मी विचारलं.

"मागं घसरला तर तू एकटा कावून मरशील?"

राख भरली. सुंदररावांच्या माणसांनी पाणी मारताना अजिबात कंजुषी केली नाही. टपावरून ओघळ वाहत होते. खिंडीच्या पायथ्याला दोन्ही कडेला माणसं उभी होती, पुढं एक टिपर राखेचा लोट उडवत चालला होता. मुद्दाम ठेवला होता हे सांगायला नको. त्याच्या मागं आम्ही. माझ्या डोळ्यांत, तोंडात, कानांत राख. इंजिनाचं नाक मात्र आमच्या डोक्याच्या वर.

जिथं गेल्या वेळी इंजिन घुसमटलं होतं, तिथं माझा पाय आपोआप ब्रेककडं गेला.

"पाय उचल," सटवा म्हणाला. "ऐक की. खोकतंय का?"

खोकत नव्हतं. आवाज भरदार, एकसारखा. मी दुसऱ्या गिअरवर होतो. सटवानं तीन बोटं दाखवली. भरलेल्या ट्रॉलीनं, या चढावर, तिसरा? मी त्याच्याकडं बघितलं. तो रस्त्याकडं बघत होता. मी तिसरा टाकला. क्षणभर इंजिन दबलं, आणि मग उचललं. असं उचललं की पुढचा टिपरवाला आरशात बघून बाजूला झाला. धूर होता, पण विरळ, भुरकट. माथ्यावर पोचेपर्यंत मी कधी ओरडायला लागलो मलाच कळलं नाही.

खिंडीच्या माथ्यावर ट्रॅक्टर लावला. मागून गाड्या आल्या, माणसं आली, जीप आली. मी किल्लीला हात घातला, तर सटवानं माझा हात धरला.

"बंद करू नको. ऱ्हाऊ दे चालू."

सुंदरराव उतरले. लोकांपुढं हरायचं कसं हे पुढाऱ्याला बरोबर कळतं; हसत, पाठीवर हात टाकत. "शाब्बास सटवा मिस्त्री! मानलं आपण. आजपासून तुला कुणी मेंढक्या म्हणायचं न्हाई. कुणी म्हणला तर माझ्याशी गाठ हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, जिंकलो. सटवानं सुंदररावांचा हात आपल्या पाठीवरून खाली केला. उद्धटपणे नाही, पाना खाली ठेवावा तसा.

"ही हाक न्हाई माझी," तो म्हणाला. "म्हणायचं. पर नीट म्हणायचं. मेंढका मिस्त्री."

"आरं, ते आता कशाला? चांगलं नाव दिलंय की तुला."

"हे इंजिन चढवलं ते कुणी? शाळेनं न्हाई, शोरूमनं न्हाई. धूळ कुठपत्तोर चढती हे मेंढक्यांनी शिकवलं, अन् खळ कवा जाती हे माझ्या आईनं. तुमी ते खोडून मला नुसता मिस्त्री करता, अन् मी उपकार मानू? मेंढका बी मीच, मिस्त्री बी मीच. दोन्ही म्हणा."

टाळ्या थांबल्या होत्या. सुंदरराव इकडं-तिकडं बघून पुटपुटले, "मेंढका मिस्त्री."

"ऐकू न्हाई आलं. इंजिन चालू हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी इंजिन बंद करावं म्हणून. सहा वर्षं त्यांच्या नुसत्या नजरेवर मी इंजिन बंद केलंय. या वेळी मी किल्ली सोडली आणि रेस दिली. आणि मग राखेनं पांढऱ्या झालेल्या त्या माथ्यावर, पन्नास माणसांसमोर, अध्यक्ष सुंदरराव मानेच्या शिरा ताणून ओरडले, "मेंढका मिस्त्री!"

सटवानं मान हलवली आणि मला म्हणाला, "आता कर बंद."