शास्त्राचं अभ्यंग

पुस्तक हातात घेतलं आणि बोटं चिकटली. वास खोबरेलाचा. जुनी पुस्तकं दुरुस्त करता करता मी म्हातारी झाले. आमच्या यजमानांच्या बाइंडिंगच्या दुकानात बघून बघून शिकले. वाळवी पाहिली, उंदीर पाहिले, पण तेल प्यालेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्यांदाच.

शेवगावकडचं गाव. त्या गावात ख्रिस्ती झालेलं हे पहिलं घर. मूळपुरुष शाळामास्तर, वर ख्रिस्ती कीर्तनं करायचे. त्यांच्या चिपळ्या, चष्मा, कागदपत्रं आणि हे कातडी बांधणीचं शास्त्र नीट जपून ठेवायचं होतं. मला बोलावलं त्यांच्या खापरपणतूने, सॅम्युएलने. तो पुण्याला असतो.

"बघा मावशी, आमच्या काकूंनी काय वाट लावलीय. मी हे पुण्याला नेतो. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो."

मार्थाकाकू उंबऱ्याशी बसल्या होत्या. घरात त्या एकट्याच राहतात.

"दर नाताळाला लावते," त्या म्हणाल्या. "सासूबाई लावायच्या, मग मी. दिवाळीला शेजारचे समदे अंगाला तेल लावत्यात. आपल्या शास्त्रानं काय कोरडंच बसायचं?"

मला हसू आलं, ते गिळलं. कारण नुकसान खरं होतं. तेल कातड्यातून कडेकडेने पानांत उतरतं आणि कागद पापुद्र्यासारखा होतो. पहिल्या पानांवर मागची अक्षरं पुढून दिसत होती.

"ने बाबा," काकू त्याला म्हणाल्या. "पर लॉकरात त्याला उघडंल कोन?" आणि तोंड फिरवून बसल्या.

मी म्हटलं, आधी बाकीचे कागद बघू. ते माळ्यावरच्या ट्रंकेत होते. सॅम्युएलच्या वडिलांनी कुलूप घालून ठेवलेले, नंतर कोणी हात लावला नव्हता. झाकण उघडलं तर कागदांची चाळण. कसर लागली होती. कसर म्हणजे कागद खाणारा बारीक चंदेरी किडा. त्याला अंधार लागतो आणि कोणी हलवलेलं खपत नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्याच्या कडा गेल्या होत्या, नाव तेवढं शाबूत होतं.

मग शास्त्राचं पान न् पान तपासलं. एक भोक नाही.

"तेल लावायच्या आधी काय करता?" मी काकूंना विचारलं.

"समदी पानं उघडून मलमलीनं पुसते. दुसरं काय?"

सॅम्युएल म्हणाला, "म्हणजे तेल चांगलं?"

"तेल वाईटच. उघडणं चांगलं. लॉकरमध्ये तू उघडणार आहेस?"

शास्त्र घरीच राहिलं.

पानांमध्ये टिपकागद घालून मी जमेल तेवढं तेल ओढून काढलं. सगळं निघत नाही, तसं सांगितलंही. दाखल्याला मागून गव्हाच्या खळीने झिरझिरीत कागद चिकटवला. राहिला काकूंचा नाताळ. तेलाशिवाय त्यांना तो नाताळ वाटेना. शेवटी सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. पुस्तकाला आत वेगळा पुठ्ठ्याचा डबा.

"काकू, पानं पहिल्यासारखीच उघडून पुसा. पण आता तेल पेटीला. तेही बाहेरून."

"म्हंजे अंगाला न्हाई, कापडाला?"

"व्हय."

"येड्यावानी दिसंल," त्या म्हणाल्या, पण वाटी आणायला उठल्या.

नाताळानंतर सॅम्युएलचा फोन आला. पेटी इतकी बुळबुळीत झालीय म्हणे, की उचलायला दोघं लागतात. मी म्हटलं, होऊ दे. पेटी पुसता येते.