मालदीवला गेलेली पंपाची चावी

आईला मी मालदीवला नेलं ते एका कामासाठी. उगाच लपवाछपवी कशाला? मला बंगलोरला चांगली नोकरी लागली होती, तिथे मोठा फ्लॅट घेतला होता, आणि आईने बदलापूरचं बिऱ्हाड आवरून माझ्याकडे कायमचं यावं एवढंच मला हवं होतं. बाबा गेल्यापासून बदलापुरात, खरवईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती एकटी राहते. मागच्या वर्षी बाथरूममध्ये घसरून पडली, शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं आणि मला कळलं ते प्लास्टर घातल्यावर. तेव्हापासून वेळी-अवेळी फोन वाजला की मी आधी "आई बरी आहे ना?" विचारते. पण विषय काढला की आईचं एकच, "बघू." शेवटी म्हणाली, "तिकडे समुद्रावर निवांत विचार करते आणि तुला सांगते." म्हटलं, ठीक. चार दिवस आयता चहा हातात आला की बाईसाहेब आपोआप हो म्हणतील. काय पण माझी अक्कल!

तयारीपासूनच डोक्याला ताप. बॅग घ्यायला आम्ही दोघी उल्हासनगरच्या मार्केटात गेलो. दुकानदार सिंधी, बोलण्यात पटाईत. आईने त्याला कौतुकाने सांगितलं की आम्ही पाण्यावरच्या घरात राहायला चाललोय. तो म्हणाला, "उसके लिए इतना दूर क्यों, माताजी? बारिश में हमारी दुकान में आ जाओ." दोघं पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही. महिनाभर फोटो बघून बघून मी ती व्हिला निवडली होती.

तर ती व्हिला. लाकडी पुलावरून समुद्रात चालत जायचं, खांबांवर उभं असलेलं आपलं घर, मागच्या डेकवरून पायऱ्या थेट निळ्या पाण्यात. आणि खोलीच्या मधोमध जमिनीला काच, खाली मासे फिरताना दिसावेत म्हणून. आईने काच बघितली आणि चटकन साडी सावरली.

"खालून कोणी गेलं म्हणजे?"

"आई, खाली मासे आहेत."

"मग मासे काय आंधळे असतात?"

तिने बॅगेतून घरची सोलापुरी चादर काढली आणि काचेवर अंथरली. वर आमच्या चपला ठेवल्या. ज्या काचेसाठी मी जीव टाकला होता तिच्यावर चार दिवस चपलांचा स्टँड होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे धो धो आवाजाने मला जाग आली. धावत गेले तर आई बाथटब भरत होती.

"अगं काय करतेस?"

"भरून ठेवते. दुपारी गेलं म्हणजे? आणि एवढं मोठं हॉटेल, एक बादली नाही गं यांच्याकडे!"

"आई, इथे पाणी जात नाही."

"असं सगळेच म्हणतात."

आता हिला काय बोलणार? आमच्याकडे पाणी येतं ते पहाटे, तेही आलं तर. तळटाकीत पडलं की पंप लावून वरच्या टाकीत चढवायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये ते काम आईचं. पगार नाही, पद नाही, पण वर्षानुवर्षं पंपरूमची चावी आईच्या कमरेला. चार मजल्यांच्या नळाला पाणी येणार की नाही ते आई ठरवते म्हटलं तरी चालेल. मला याचा भयंकर राग. म्हटलं, सुटेल एकदाची यातून.

पण सुटायला तिला हवं होतं कुठे? साफसफाईचा माणूस यायच्या आत ती स्वतःच पलंगावरच्या चादरी नीट घालून मोकळी व्हायची. तो बिचारा पुन्हा सगळं काढून त्यांच्या पद्धतीने घालायचा, की ही तोंड फुगवायची. चहाचे कप विसळले, तर त्याने तिच्या हातातून अलगद काढून घेतले, "नो मॅडम, प्लीज, रिलॅक्स." डेकच्या कठड्यावर परकर वाळत घातला, तर रिसेप्शनवरून फोन, अगदी साखर पेरल्यासारखा, की मॅडम, आमच्याकडे लॉण्ड्री आहे. आई दिवसभर त्या पांढऱ्या आरामखुर्चीच्या काठावर टेकून बसायची, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी. मी म्हणायची, "अगं, रेलून बस." ती रेलायची. मी आत गेले की पुन्हा काठावर. देवा, हात टेकले मी!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बळेच पायऱ्यांवर बसवून पाय पाण्यात सोडायला लावले होते आणि फोटो काढत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरीकाका. "आई बरी आहे ना?" मी विचारलंच, आई शेजारी बसलेली असून.

"अगं, काकूंना विचार, पंपरूमची चावी कोणाकडे ठेवलीय? काल वरच्या टाकीत होतं तेवढ्यावर भागलं. आज सगळं कोरडं. तळटाकी भरलेली आहे, पण चढवणार कसं?"

मी आईकडे बघितलं. आईने कमरेला हात लावला. तिचा चेहरा खर्रकन उतरला. निघायच्या दिवशी पहाटे टाकी भरून, सवयीने कुलूप घालून, चावी सवयीने कमरेला खोचून बाई विमानात बसल्या होत्या. कनवटीला बदलापूरच्या पंपाची चावी आणि पायाखाली हिंदी महासागर. मी कपाळावर हात मारून घेतला.

"तोडा ना मग कुलूप!" मी ओरडले.

"असं कसं? काकूंना न विचारता कसं तोडायचं?" काका म्हणाले. म्हणजे डुप्लिकेट चावी या गृहस्थांनी कधीच हरवलेली, अख्खी बिल्डिंग पारोशी बसलेली, आणि वर ही शिस्त!

आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि उभी राहिली. साडीचा काठ ओला, चष्मा कपाळावर. "तोडू नका. चांगलं कुलूप आहे. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्याला चावीवाला बसतो, त्याला रिक्षाने घेऊन या. आणि पंप मी सांगितल्याशिवाय लावायचा नाही, हवा धरतो तो." मग दोन-अडीच तास आमच्या त्या स्वर्गात काय चाललं होतं म्हणून सांगू! व्हिडिओ कॉलवर अख्खी बिल्डिंग, डेकवर येरझाऱ्या घालणारी आई, आणि तिच्यासमोर मोबाइल धरून फिरणारी मी. "व्हॉल्व्ह उघडा. तो नाही हो, लाल. वरून तांब्याने पाणी ओता. अजून. आता बटण." पंप घुर्रर्र झाला. तिकडे बायकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडलं, "काकू, लवकर या बाबा, तुमच्याशिवाय हाल आहेत!" आई अशी हसली की मी मोबाइल समोर धरायचंही विसरले. अख्ख्या ट्रिपमध्ये पहिल्यांदा ती आरामखुर्चीत रेलून बसली, पाय वर घेऊन.

मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. इतका राग आला होता. चिडून चिडून मी जेवले सुद्धा नाही धड.

शेवटच्या दिवशी दुपारी मी विषय काढलाच. "मग? काय ठरवलंस?"

"इथे छान आहे गं," आई म्हणाली. "तुझं बंगलोरचं घरही असंच असणार."

"हो ना! तुला काही म्हणजे काही करायला नको तिथे."

"तेच म्हणते मी. मी काही हातात घेतलं की कोणीतरी येऊन काढून घेणार आणि म्हणणार, मॅडम, बसा. तू ऑफिसात. मी अशीच खुर्चीवर. चार दिवस बसून बघितलं मी, मनापासून बघितलं. मला नाही जमत. मी नाही येत."

"आणि पुन्हा पडलीस म्हणजे?"

"पडले तर उचलतील. मागच्या वेळी उचललंच ना?"

"आणि मी? मी तिकडे रोज जीव मुठीत धरून बसू? तुझी काळजी करून करून मला वेड लागायची पाळी आलीय, कळतंय का तुला?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या व्हिलातली गोरी बाई वळून बघायला लागली. बघू दे, म्हटलं.

आई जराही चिडली नाही. पदराने चष्मा पुसत म्हणाली, "मग तू ये. तुझी खोली आहे तशीच आहे."

"काहीतरीच काय बोलतेस, आई! मी कशी येणार? माझं सगळं तिकडे आहे."

आईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"मी निदान चार दिवस विचार तरी केला गं."