टाकीवरचा चंद्र

मी एकदा पाण्याच्या टाकीवरच्या दिव्याला चंद्र समजून अर्घ्य दिलं आहे. हसा, मीही हसते. बाई पन्नाशीची, अक्कल परकरी पोरीची! लेकीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली होती आणि ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. मी गणपतीला बजावून ठेवलं होतं, संकष्टीला चंद्र पाहिल्याशिवाय घास घेणार नाही, तू तेवढी माझी नात सांभाळ. देवाशी असे सौदे करू नयेत, हे सांगायला घरात कोणी नव्हतं. सगळे दवाखान्यात.

त्या संकष्टीला गंगापूर रोडवर आभाळ गच्च भरलेलं. चंद्रोदयाची वेळ टळून गेली आणि धुरकट अंधारात एक पिवळा गोळा दिसला. गच्चीवरून अर्घ्य दिलं, खाली येऊन इन्सुलिन टोचून घेतलं, ताटावर बसले आणि वीज गेली. खिडकीतून पाहते तर चंद्रही गेलेला! आता जेवले तर व्रत मोडणार, आणि व्रत मोडलं तर पेटीतलं ते पाखरू... ताट झाकून मी पुन्हा गच्चीवर. खऱ्या चंद्राची वाट पाहता पाहता घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. इन्सुलिन घेऊन उपाशी बसलेली ही शहाणी!

पुढचं धड आठवत नाही. शेजारच्या शमीमभाभी वर आल्या. "तुमच्याकडे लाइट आहे का?" हे विचारायला म्हणे. सगळी कॉलनी अंधारात असताना? ते त्यांनाही आजवर सांगता आलेलं नाही. माझा साखरेचा आजार त्यांना ठाऊक होता. माझं डोकं मांडीवर घेऊन, "तोंड उघडा ताई, नाहीतर नाक दाबीन!" असा दम भरत त्यांनी वाटीने साखरपाणी पाजलं. तेव्हा वर काहीतरी पांढरं, गोल दिसलं. चंद्र होता की वाटीचा तळ, मला अजून कळलेलं नाही. कळावं असा हट्टही उरला नाही. भाभींना ज्याने जिना चढायला लावला, त्याला मात्र रोज हात जोडते. नात वाचली, आता माझीच टिंगल करते.

त्या रात्री शुद्धीवर येऊन मी रडत विचारलं, "भाभी, मोडलं ना हो माझं व्रत?" माझ्यापुढे खिचडीचं ताट सरकवत त्या म्हणाल्या, "ताई, ढगात चांद नाय दिसला तर आम्ही तीस रोजे पूर्ण करतो आणि ईद करतो. ईद थांबत नाय. ढगामागं काय आहे ते वरच्याला माहीत असतं. जेवा आता."