गुळवणीची वाटी

मायणीच्या तलावापाशी विश्वजितनं गाडी थांबवली. लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते आणि प्रांजल काठावर जाऊन त्यांचे फोटो काढत होती. मायाचं मात्र पक्ष्यांकडं लक्ष नव्हतं. लेकीच्या पर्समधला बिस्किटांचा डबा आणि साखरेच्या पुड्या काढून ती मोठ्या बॅगेत, साड्यांच्या तळाशी सरकवत होती.

"आई, ते माझ्याजवळ राहू दे," प्रांजल परत येत म्हणाली.

"वन्संची नजर तुला ठाऊक नाही. लगेच विचारतील, ह्या पुड्या कशाला?"

"सुई मी टोचून घेते, आणि कळ तुलाच येते."

मायानं बॅगेची चेन लावून टाकली. प्रांजलला शाळेत असल्यापासून मधुमेह होता. रोज जेवणाआधी इन्सुलिन लागायचं, आणि ते घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर एकदम उतरायची; त्यासाठीच त्या पुड्या आणि बिस्किटं जवळ लागायची. विश्रामबागेतल्या त्यांच्या घराबाहेर हे कुणालाच माहीत नव्हतं. माया बी.एस्सी. झालेली, यात लाजण्यासारखं काही नाही, हे तिला पाठ होतं. तरीही प्रत्येक लग्नकार्यात ती लेकीच्या ताटातली जिलेबी स्वतःच्या ताटात घ्यायची आणि म्हणायची, हिला गोड आवडत नाही. भावकीत एकदा कळलं की पोरीला स्थळ येणार नाही, ही धास्ती तिच्या मनातून जात नव्हती. आता प्रांजलला पाचगणीच्या एका निवासी शाळेत नोकरी लागली होती. तिला पोचवायला जाताना वाटेत हरणाबाईकडं जेवण होतं. हरणाबाई म्हणजे विश्वजितची थोरली बहीण, आणि प्रांजलसाठी स्थळ तिनंच आणलं होतं.

"ये गं माये. पोरगी लय वाळली. तिकडं शाळंत आमटीचं पाणी प्यायला चाललीस व्हय गं पोरी?" हरणाबाई दारातच म्हणाली. "हातपाय धुवा, ताटं वाढतेच."

ताटं वाढतेच म्हटल्यावर प्रांजलनं न्हाणीघरात जाऊन इंजेक्शन घेतलं. ती बाहेर आली तर अंगणात गाडी नव्हती.

"तुझा बा आन आमचं धनी निवद घिऊन बिरदेवाच्या माळावर गेल्यात. यितील आत्ता."

रविवार होता, देवाचा वार. या घरात निवद दाखवल्याशिवाय कुणी तोंडात काही घालत नाही, हे मायाला लग्न झाल्यापासून माहीत होतं. आज नेमकं तेच ती विसरली होती. बॅग गाडीत, आणि माळावर विश्वजितचा फोन लागत नव्हता.

"वन्सं, पोरीपुरता चहा टाकू का?"

"आगं, घटकाभर दम धर. तेवढ्यानं काय मरत न्हाई ती."

वाट बघता बघता प्रांजलच्या ओठावर घाम जमला. मांडीवरचे हात थरथरायला लागले. "आई," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तिला सापडेना.

माया उठली. चुलीजवळच्या पातेल्यात पुरणपोळीबरोबर वाढायची गुळवणी होती. तिनं त्यात वाटी बुडवली, लेकीचं डोकं छातीशी धरलं आणि वाटी तिच्या ओठांना लावली.

हरणाबाईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "माये, काय केलंस ह्ये?"

"तिला साखरेचा आजार आहे, वन्सं. इन्सुलिन घेतलंय. आता पोटात काही गेलं नाही तर शुद्ध जाईल."

हरणाबाईनं तवा उतरवला आणि दुसरी वाटी स्वतः भरून आणली. प्रांजलच्या तोंडावर रंग येईस्तोवर ती वाटी धरून बसली. मग म्हणाली, "दर दिवाळीला हिच्यासाठी करंज्या बांधून देत हुते मी. टाकून देत हुतीस व्हय?"

माया रिकामी वाटी विसळायला उठली.

दुपार कलल्यावर ते पसरणी घाटात पोचले. खाली धोमचं पाणी चमकत होतं. मायाचा फोन वाजला. हरणाबाईचं नाव बघून तिनं तो उचलला नाही. प्रांजलनंच हात लांब करून फोन स्पीकरवर टाकला.

"पोरी, चांगली हायस न्हवं आता?"

"हो आत्या."

"माये, आईक. त्या पोराकडच्या पाव्हण्यास्नी मी सांगून टाकलं. लगीन झाल्यावर कळण्यापरीस आत्ताच कळू दे."

माया फोनकडं वाकली. "काय म्हणाले?"

"इचार करून सांगतो म्हणाले."

त्याचा अर्थ गाडीतल्या तिघांनाही कळला. फोन बंद झाल्यावर मायानं मागं वळून बॅग ओढली, साड्यांखालचा डबा काढला आणि लेकीच्या पर्समध्ये ठेवला.

"तुझ्याबरोबर खोलीत जी मुलगी राहील तिला पहिल्यांदा हे सांग."

"तूच सांग, आई," प्रांजल म्हणाली. "मी शेजारी उभी राहीन."