फोनवर सोडवलेली गणितं

बारावीला असताना गॅसच्या गणितांत माझी एक चूक ठरलेली असायची. तापमान सेल्सिअसमध्ये दिलेलं असलं की ते तसंच सूत्रात टाकून मी मोकळी व्हायचे. सत्तावीस अंशांचे चोपन्न अंश झाले, म्हणजे दाब दुप्पट, असं खुशाल लिहून द्यायचे. मग बाकावर शेजारी बसणारी मुलगी वहीत डोकावून हळूच म्हणायची, "अगं, आधी दोनशे त्र्याहत्तर मिळव की. दुप्पट कसा हुईल? सायकलीचा टायर रोज दुपारी फुटला असता."

ती पाथर्डीच्या पलीकडच्या एका गावातली. नगरच्या कॉलेजात अकरावीला आमची ओळख झाली. ती मुलींच्या होस्टेलवर राहायची आणि मी सावेडीत मावशीच्या फ्लॅटमध्ये. माझं गाव घोडेगावजवळ. दोघींचंही दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. लंबक म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी हलायचं; पेंड्युलम म्हटलं की नुसतं स्पेलिंग आठवायचं. पहिले सहा महिने आम्ही वर्गात माना डोलवत काढले.

त्यावर तिनेच उपाय काढला. प्रत्येक गणित आधी आपल्या बोलीत सांगायचं, मगच पेन उचलायचं. पुस्तकात लिहिलेलं असायचं की अमुक लांबीच्या, अमुक त्रिज्येच्या तारेला अमुक भार लावला आहे. ती म्हणायची, "आढ्याला तार टांगलीय. खाली पाटी बांधलीय, पाटीत माती हाय. आता तार दुप्पट लांब घेतली आणि दुप्पट जाड घेतली, तर जास्त ताणंल का कमी?" मी म्हणायचे, जास्त. मग ती बोटांनी हवेत तार काढून दाखवायची. लांबीमुळे दुप्पट ताणली, पण छेदाचं क्षेत्रफळ चौपट झालं, कारण त्रिज्येचा वर्ग. म्हणजे उलट निम्मीच ताणली. मला ते पटायला दोन दिवस लागले, पण एकदा पटल्यावर पुन्हा कधी चुकलं नाही.

आमचे फिजिक्सचे सर कडक होते. दर शनिवारी ते हाताने लिहून झेरॉक्स काढलेला गणितांचा कागद द्यायचे. "इलॅस्टिसिटी, गॅसेस आणि ऑसिलेशन्स," ते म्हणायचे, "हे तीन धडे ज्याला सुटले, त्याला बाकीचे घाबरतात." आम्ही दोघी मिळून तो कागद रविवारी मावशीच्या गॅलरीत संपवायचो. मावशी पोहे करून आणायची आणि आमची भांडणं ऐकून म्हणायची, "गणितं करताय का वाटणी करताय?"

बारावीच्या दिवाळीनंतर तिचे आईवडील नेहमीप्रमाणे ऊसतोडीला गेले. त्यांची टोळी त्या वर्षी राहुरीच्या पुढे, मुळेच्या कालव्याकडे उतरली होती. डिसेंबरमध्ये एका सोमवारी तिचे वडील कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. ट्रॉलीत मोळी चढवताना फळीवरून पाय घसरून तिची आई पडली होती आणि उजवा हात मोडला होता. तोडणीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एक माणूस घटला की त्या कोयत्याला टोळीत जागा राहत नाही. तिचे वडील खाली बघत बोलत होते. "पोरगी लई हुशार हाय, आमाला कळतंय. पन दुसरं मानूसच न्हाई."

ती आत जाऊन पिशवी घेऊन आली. जाताना मला म्हणाली, "शनिवारचा कागद माझ्यासाठी पन घेत जा. वडलांचा फोन हाय. मी मिस्ड कॉल देईन."

मला वाटलं होतं, ते बोलणं तेवढ्यापुरतंच असेल. पण चौथ्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला मिस्ड कॉल आला. मी गॅलरीत जाऊन उलटा फोन लावला. पलीकडून माणसांचे आवाज, बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि मधेच तिचा. तोडून, मोळ्या बांधून झाल्यावर गाडी येईपर्यंत त्यांना थोडा रिकामा वेळ मिळायचा. तेवढ्या वेळात आमचा अभ्यास.

"वाच," ती म्हणायची.

मी गणित वाचायचे. ती ते परत स्वतःच्या शब्दांत म्हणायची. मग थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही. ती सूत्र लिहीत असायची. कधी वहीच्या पाठीवर, कधी काडीने जमिनीवर. आमच्या बोर्डाच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर चालत नसे, लॉग टेबलचं पुस्तक वापरावं लागे. ते पुस्तक एकच होतं आणि ते माझ्याकडे राहिलं होतं. त्यामुळे गणित मांडायची ती आणि आकडे काढायचे मी. ती सांगायची, "आता वर चार π-वर्ग, खाली टीचा वर्ग," आणि मी पानं उलटून लॉग वाचून दाखवायचे. तिला बेरीज तोंडी यायची. मग उलटा अँटिलॉग पुन्हा माझ्याकडे. उत्तर आलं की मी कागदाच्या मागे बघायचे आणि बहुतेक वेळा "बरोबर" म्हणायचे. चुकलं तर ती चिडायची नाही. "थांब, सांगू नको," एवढंच म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात व्हायची.

मी तिला शिकवते आहे असं मला सुरुवातीला वाटत होतं, आणि त्याचा थोडा अभिमानही होता. पण गंमत अशी की गणित मोठ्याने, सावकाश, दुसऱ्याला कळेल असं वाचता वाचता ते मलाच कळायला लागलं होतं. डिसेंबरच्या चाचणीत मला पहिल्यांदा चांगले मार्क पडले. ते तिला सांगायची मला लाज वाटली. दोन दिवसांनी सांगितले, तेव्हा ती इतकी खूश झाली की तिथल्या कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणून.

जानेवारीत सरांनी जर्नल तपासायला मागितली. प्रात्यक्षिकांची ही वही पूर्ण नसेल तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येत नाही. मी तिचे राहिलेले प्रयोग लिहून टाकायची तयारी दाखवली. सर म्हणाले, "चालणार नाही. तिच्या जर्नलमध्ये अक्षर तिचंच पाहिजे." मला राग आला. मी उठून चालले होते, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "जर्नल तिच्याकडे पोचव. रीडिंग्ज मी देतो. हजेरीचं काय ते मी प्राचार्यांशी बोलतो. पण तार ताणायचा प्रयोग तिने केलेला नाही. तो तिला समजावून सांगायची जबाबदारी तुझी."

संक्रांतीला मी गावी गेले होते. आबांना, म्हणजे वडिलांना, म्हटलं की मला राहुरीकडे सोडा. आबांनी आधी कुरकुर केली. आमच्याही शेतात ऊस होता, दर वर्षी तोडणीला टोळी यायची, पण घरातलं कुणी मुद्दाम त्यांच्या कोप्यांकडे, म्हणजे उसाच्या पाचटाच्या खोपटांकडे, गेलेलं मला आठवत नव्हतं. शेवटी त्यांनी मोटारसायकल काढली.

कालव्याच्या कडेला पाचटाच्या दहाबारा कोप्या होत्या. ती दुरूनच धावत आली. डोक्याला रुमाल, अंगात वडिलांचा जुना शर्ट. हातांवर उसाच्या पानांनी बारीक बारीक चिरा पडलेल्या. मला बघून हसली आणि पहिलं वाक्य बोलली, "लॉग टेबल आनलं का?"

तिची आई गळ्यात हात बांधून चुलीपुढे बसली होती. डाव्या हाताने तिने आम्हाला चहा दिला. शेजारच्या बाभळीला झोळी बांधलेली होती आणि तिच्या चुलतभावाचं बाळ त्यात झोपलं होतं. मैत्रीण म्हणाली, "ही आमची प्रयोगशाळा." तिने फोनवर वेळ लावून मोजलेलं होतं. दहा झोक्यांना बावीस सेकंद. त्यावरून दोरीची लांबी काढली तर साधारण एक मीटर वीस आली, आणि टेप लावून बघितलं तर तेवढीच भरली. "दोन सेकंदांचा झोका करायचा आसंल तर दोरी किती आखडायची?" तिने मला विचारलं. मी वही काढली. तिने वाट बघितली नाही. "एक वीत," म्हणाली.

मग तार ताणायचा प्रयोग. तिथे तार कुठली आणि उपकरण कुठलं? आम्ही बैलगाडीच्या जूला दोन सुतळ्या टांगल्या. एकीला छोटा दगड, तो तसाच राहू द्यायचा. दुसरीच्या टोकाला पिशवी, तिच्यात एकेक दगड वाढवत जायचं. दोन्ही सुतळ्यांना मधे गाठी मारून त्यांच्यावर पाण्याने जवळजवळ भरलेली बाटली आडवी बसवली. पिशवीत दगड टाकला की ती बाजू खाली जायची आणि बाटलीतला बुडबुडा दुसरीकडे पळायचा. खऱ्या उपकरणात तिथे स्क्रू असतो, तो फिरवून बुडबुडा मधोमध आणायचा आणि किती फिरवला ते वाचायचं, असं मी सांगत होते. बाटली दोनदा पडली. आजूबाजूच्या कोप्यांतली पोरं जमा झाली. आबा लांब उभे होते, ते हळूहळू जवळ आले आणि तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः बाटली धरली.

"पन ही छोट्या दगडाची सुतळी कशाला?" आबांनी विचारलं. "तिला तर काहीच ओझं वाढवत न्हाई."

मला उत्तर पाठ होतं, पण ती आधी बोलली. "काका, ओझ्यानं जू खाली वाकलं तर दोन्ही सुतळ्या सारख्याच खाली येत्यात. ऊन लागलं तर दोन्ही सारख्याच लांबत्यात. मग दोघींत जो फरक दिसतो, तो फक्त ओझ्याचा."

आबांनी जूकडे बघितलं, मग सुतळ्यांकडे, आणि म्हणाले, "व्हय की!"

तिने दुपारभर बसून जर्नल लिहिली. परत येताना आबा गाडी हळू करून म्हणाले, "आपल्याकडं येनाऱ्या टोळीत पन आसंल का गं कुनी शिकनारं?"

"ठाऊक नाही," मी म्हणाले. "आपण कधी विचारलं नाही."

पुढच्या हंगामात त्यांनी विचारलं. दोन मुली निघाल्या, एक सातवीतली आणि एक नववीतली. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत आबांनी त्यांच्यासाठी दिवा आणि सतरंजीची सोय केली. त्याबद्दल ते घरात काही बोलले नाहीत. मला आईकडून कळलं.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ती नगरला आली. चिठ्ठ्या टाकून प्रयोग वाटले जायचे, आणि तिला नेमका तार ताणायचाच आला. मी दोन टेबलं सोडून लंबकाच्या झोक्यांची मोजणी करत होते. तिच्याकडे बघता बघता माझे दोनदा आकडे चुकले. ती आधी उपकरणापुढे नुसती उभी राहिली. स्क्रूला हात लावला, मागे घेतला. मग खाली वाकून बुडबुडा बघितला आणि हसली. त्या हसण्यावरून मला कळलं की आता काळजी नाही.

बाहेरून आलेले परीक्षक तोंडी विचारत फिरत होते. तिला त्यांनी विचारलं, "रबर जास्त इलॅस्टिक की स्टील?"

"स्टील, सर. रबर लवकर ताणतं, पण त्याच ताणाला स्टील कमी लांबतं. जो जास्त विरोध करतो तो जास्त इलॅस्टिक."

त्यांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. "हे काय झालं?"

"ऊस, सर."

त्यांनी स्क्रूकडे बघितलं. "रीडिंग घेताना दुखत नाही का?"

"स्क्रू बारीक हाय, सर. कोयत्यापेक्षा सोपा हाय."

त्यांनी कागदावर मार्क लिहिले आणि पुढे गेले. आमचे सर कपाटाशी उभे होते, त्यांनी उगीचच कपाटाचं दार उघडून बंद केलं.

लेखी परीक्षेला ती होस्टेलवर राहिली. त्या पंधरवड्यात तिच्या जागी तिची मामी कोयता धरायला गेली. फिजिक्सच्या पेपरला शेवटचं गणित ऑसिलेशनचं होतं, मोठं, आणि बाहेर आल्यावर आमच्या दोघींचं उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत जुळलं. शेवटचा पेपर संपला त्याच दिवशी ती राहुरीच्या एस.टी.त बसली. हंगामाचे तीन आठवडे बाकी होते. मी स्टँडवर सोडायला गेले. "आता तरी थोडे दिवस थांब," मी म्हटलं. "मामीची लेकरं घरी हायेत," ती म्हणाली. गाडी सुटली. मी स्टँडवरच बसून राहिले. पुढची गाडी आली, गेली, तरी मला उठावंसं वाटेना.

निकालात फिजिक्सला तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. इंजिनिअरिंगला जायचं तिच्या मनात होतं. ते काही जमलं नाही. तिने नगरमध्येच बी.एस्सी. केलं आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागली. मी राहुरीला कृषी विद्यापीठात शिकले आणि आता सावेडीतच राहते. मधली काही वर्षं आमचं बोलणं कमी झालं. तिचं लग्न, माझी नोकरी, दोघींची मुलं. कुणाचं काही बिनसलं नव्हतं, दिवस निघून गेले एवढंच.

मागच्या महिन्यात तिच्या कॉलेजवरून जाताना मी सहज आत डोकावले. ती मुलांना तारा टांगून देत होती. वाकडी झालेली एक तार तिने काढून बाजूला ठेवली आणि नवीन लावली. मला बघून म्हणाली, "बस, बॅच संपूदे. मग चहाला जाऊ." मी मागच्या बाकावर बसले. मुलं वजनं चढवत होती, एकमेकांना आकडे सांगत होती. एक मुलगी अडली तेव्हा ती तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली. काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही, पण तिची बोटं हवेत तार काढत होती. मला कुठेही जायची घाई नव्हती. बॅच संपेपर्यंत मी तिथे बसले.