तीनशे सात दिवसांची केळी

रविवार, १४ ऑगस्ट १९९४. रक्कम रुपये दोन हजार दहा. ती त्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हती, दोन दिवसांनी माझ्या वहीतून निघाली. खास बोलावलेल्या बैठकीला हजर अकरा: आमच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार म्हणून मी, समितीचे आणखी पाच जण, आणि मताचा हक्क नसलेले तीन पाठीराखे, जे प्रत्येक बैठकीला येत आणि सगळ्यांत जास्त बोलत. जागा सांगलीच्या गूळ बाजारात, अध्यक्षांच्या अडतीवरची माडी. बारावा बाहेर जिन्यात उभा होता. त्याचं वय सोळा, आणि विषय त्याचाच होता.

तो मूळचा साताऱ्याचा. शाळेसाठी सांगलीत मामाकडे राहायचा आणि चौदाव्या वर्षापासून आमच्या क्लबच्या पोरांच्या वर्गात, म्हणजे ज्युनियर संघात, खेळायचा. डाव्या पायाचा होता. डाव्या बगलेतून चेंडू घेऊन निघाला की मैदानाच्या कडेला शेंगा खाणारी माणसं हातातली शेंग तशीच धरून बघायची. कोल्हापूरच्या एका मोठ्या संघाने त्याला मागितलं होतं. तिथे हजारो माणसं सामना बघायला येतात, आणि तिथे खेळलेल्या पोराला पुढे कंपनीच्या संघात नोकरी लागू शकते. नावं नोंदवायची मुदत एकतीस ऑगस्ट. त्याआधी आमच्या क्लबचा ना-हरकत दाखला कोल्हापुरात पोचला तर तो तिकडचा, नाही तर वर्ष गेलं. एवढीच गोष्ट होती.

त्या उन्हाळ्यात टीव्हीवर विश्वचषक झालेला, त्यामुळे सगळेच जाणकार झाले होते. पाठीराख्यांमध्ये एक रिक्षावाला होता. आमच्या गोलाच्या मागे उभा राहून त्याने दहा वर्षांत एक सामना चुकवला नव्हता. त्याने सुरुवात केली.

"आमी काय बेणं लावायचं मळं हाय व्हय? बेणं आमचं, पाणी आमचं, आन गाळप त्यांच्या कारखान्यात."

समितीत एक निवृत्त शिक्षक होते. ते म्हणाले, "अरे, आमच्या शाळेतला हुशार पोरगा पुण्याला जातो, तेव्हा आम्ही त्याला अडवतो का? उलट फळ्यावर नाव लिहितो."

"गुरुजी, तुमचा पोरगा पुण्यास्नं येऊन तुमच्याच शाळेवर गोल मारत न्हाई."

सगळे हसले. तीन वर्षांपूर्वी असंच एक पोरगं कोल्हापूरला गेलं होतं. पुढच्याच मोसमात आमच्या मैदानावर येऊन त्याने आमच्यावर दोन गोल मारले, आणि जाताना रिक्षावाल्याने हाक मारली तर वळून बघितलं नव्हतं. तो राग अजून कोणाच्या पोटातून गेला नव्हता.

"सोडायचं न्हाई," दुसरा पाठीराखा म्हणाला. "दाखला मागतोय न्हवं? तुमी देऊ नका."

चिटणीस म्हणाले, "कारण न देता नाकारला तर जिल्हा संघटनेत तक्रार होते."

तेव्हा मी बोललो. मी हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो आणि क्लबची वही माझ्याकडे होती. पोरांच्या वर्गावरचा प्रत्येक खर्च मी पोरागणिक वेगळा लिहीत असे. कोणी सांगितलं नव्हतं, सवय होती. मी म्हणालो, "दाखला नाकारू नका. त्याच्यावर झालेला खर्च मागा. तो भरला की दाखला."

रिक्षावाला म्हणाला, "म्हंजे खाल्लेली केळी बी?"

"केळी, दूध, सगळं. रोजचं आहे."

माडी हसण्याने भरली. ठराव नऊ मिनिटांत झाला. गुरुजी एकटे विरुद्ध होते, तसं मी नोंदवलं. पोराला आत बोलावलं. अध्यक्षांनी ठराव वाचून दाखवला. तो चौकटीला टेकून ऐकत होता.

"केळ्याचं बिल व्हणार हाय तुझ्या," रिक्षावाला म्हणाला. "माकडाला बी कोण लावत न्हाई."

पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "किती होतील, काका?"

"परवा सांगतो."

"भरतो मी."

"कुठनं रं भरतोस?" मागून कोणीतरी विचारलं. "मामाची सायकल इकून?"

त्या दिवसापासून मैदानावर त्याचं नाव केळ्या पडलं.

खाली उतरताना अध्यक्षांनी मला जिन्यात थांबवलं. "आणि खरंच भरले तर?"

मी सांगितलं, "जादा जमा झालेली रक्कम पुढच्या मासिक बैठकीपुढे ठेवायची आणि ती मंजूर झाल्यावरच ती ज्यासाठी भरली तो कागद द्यायचा, असा नियम आहे. बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. म्हणजे चार सप्टेंबर."

"हा नियम कोणी घातला?"

"मीच. पाच वर्षांपूर्वी."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढे गेले. आम्ही दोघे त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही.

हे मी का केलं, याची मी पुढे बरीच कारणं शोधली. क्लबचं हित, शिस्त, इतर पोरांपुढे उदाहरण. खरं कारण लहान आहे. पेढीवर आठवड्याचे सहा दिवस मी दुसऱ्याच्या हळदीचा हिशेब करायचो. रविवारी ते पोरगं डाव्या बगलेतून निघायचं आणि मी कडेला उभा असायचो. मला तो जायला नको होता.

मंगळवारी घरी बसून बिल केलं. बूट दोन जोड, पाचशे पंचेचाळीस. मोजे आणि नडगीच्या पट्ट्या, शहाण्णव. जर्सी दोन, एकशे चाळीस. दूध रोज पाव लिटर, दोन रुपये, हजेरीचे दिवस तीनशे सात, म्हणजे सहाशे चौदा. केळी रोज दोन, एक रुपया, तीनशे सात. बाहेरगावच्या सामन्यांची एसटी, एकशे त्र्याऐंशी. नोंदणी पंधरा. घोट्याचा एक्स-रे आणि पट्टी, एकशे दहा. बेरीज तीनदा केली.

बायको भाकरी थापत होती. आमचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, शेजारी बसून दूध पीत होता. तिने कागद वाचला आणि विचारलं, "याचं दूध कुठल्या वहीत लिहिता?"

"हा क्लबचा खर्च आहे."

"ते पोरगंही कोणाचं तरी आहे," ती म्हणाली आणि तव्याकडे वळली. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

पोराने बिल साताऱ्याला वडिलांकडे पाठवलं. उलट टपाली त्यांचं पत्र आलं: रक्कम तयार आहे, पण देण्याआधी हिशेब समजून घ्यायचा आहे, कोणीतरी यावं. पेढीच्या वसुलीसाठी मला तसंही साताऱ्याला जायचं होतं. सोमवारी, बावीस तारखेला, गेलो. एसटीचं भाडं पेढीचं होतं, ते क्लबला लावलं नाही.

वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि एमआयडीसीत एका कारखान्यावर पहारेकरी होते. दोन खोल्यांचं घर. श्रावणी सोमवार होता, पोराच्या आईवडिलांचा उपास. आईने मला शाबूची खिचडी आणि दही दिलं. वडिलांनी चष्मा लावून बिल पुढ्यात घेतलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवत विचारत गेले. जून महिन्यात घोटा दुखावला म्हणून पोरगा अकरा दिवस इथे होता, त्या दिवसांचं दूध धरलंय का? नाही धरलं. हजेरीची वही मी बरोबर नेली होती. त्यांनी ते अकरा कोरे रकाने बघितले.

"दिवाळीत बी आला व्हता. नऊ दिवस."

तेही कोरे होते.

त्यांनी चष्मा काढला. "लय चोख हाय. आवं, फौजेत बावीस वर्सं काढली, असा स्टोअरवाला बघितला न्हाई." ते मनापासून बोलत होते. मग बायकोला म्हणाले, "बघ. पोरगं नीट माणसांत व्हतं."

तिने डब्यातून पैसे काढून आणले. शंभराच्या वीस आणि दहाची एक. मी मोजून घेतले, महसुली तिकिटावर सही करून पावती दिली. तिने विचारलं, "पोरगं नीट खेळतंय न्हवं? आमी कवा बघितला न्हाई त्याचा खेळ. कोल्लापुरात खेळायला लागला की जाणार हाय."

मी म्हणालो, चांगला खेळतो.

वडील मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले. मी गाडीत बसताना ते म्हणाले, "आता कायी ऱ्हायलं न्हाई न्हवं?"

"पैशाचं काही राहिलं नाही," मी म्हणालो.

"मग झालं. एकतीसच्या आत कागद पोचंल."

हा प्रश्न नव्हता. फौजेत पैसे भरले की कागद निघतो, असा त्यांचा अनुभव असेल. मी मान हलवली नाही आणि नाहीही म्हणालो नाही. गाडी कराडला पोचेपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की मी खोटं बोललेलो नाही. ते खरंच होतं. आजही कोणी माझं ते वाक्य तपासलं तर त्यात चूक सापडणार नाही.

पोरगा शुक्रवारपासून रोज अडतीच्या जिन्यात येऊन उभा राहू लागला. अध्यक्ष त्याला खालूनच परत पाठवत: खजिनदारांना विचार. तीस तारखेला तो पेढीवर आला. हळदीची पोती उतरत होती, त्यातून वाट काढत माझ्या गादीपाशी आला.

"काका, दाखला."

"बैठक चारला आहे. तिथे मंजूर होईल."

त्याने बोटांवर मोजलं. "पण तिकडं उद्या बंद होतंय."

"नियम आहे."

तो उभाच राहिला. त्याच्या शर्टावर हळद उडाली होती. "तुमी साताऱ्याला गेला तवा ठावं व्हतं?"

हमाल ऐकत होते. मी म्हणालो, "पावती दिली आहे ना तुझ्या वडिलांना?"

तो गेला. मी पोत्यांचा आकडा चुकलो, पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागला.

चार सप्टेंबरच्या बैठकीत दाखला एकमताने मंजूर झाला. वर 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' असंही लिहिलं. कोल्हापूरच्या संघाने तोवर दुसरा डाव्या पायाचा पोरगा घेतला होता. साताऱ्याहून एक कार्ड आलं, त्यात एकच ओळ होती: पावती मिळाली, आभार. त्याचा अर्थ मी लावत बसलो नाही.

मग त्या दोन हजार दहांचं काय करायचं, हा प्रश्न आला. गुरुजी म्हणाले, परत द्या. मी म्हणालो, झालेला खर्च वसूल झाला आहे, परत देण्याचं कारण नाही. मात्र तो खर्च आधीच्या वर्षांत पडला असल्याने ही रक्कम यंदा जादा राहते. रिक्षावाला म्हणाला, "जादा हाय तर जेवण घाला." श्रावण होता, पुढे गणपती, पितर, नवरात्र. जेवण दसऱ्यानंतरच्या रविवारी ठरलं, मोसमाच्या सुरुवातीला.

आमच्या क्लबात जेवणाला थोरले बसतात आणि पोरांच्या वर्गातली पोरं वाढतात. पद्धतच तशी. तो आमच्याकडेच खेळत होता; दुसरीकडे जायची सोय नव्हती आणि खेळ सोडवत नव्हता. त्याच्या हातात रश्शाची बादली आली. तो समोर आला तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "वाढ रं केळ्या, हात आखडू नगंस. तुझ्याच बाचं हाय."

पंगतीत बऱ्याच जणांना तेव्हा कळलं की हे पैसे कुठले. काही हसले. एकाने विचारलं, "मटणात केळी घातली न्हाईत न्हवं?" पोराने पळीभर रस्सा वाढला, मग आणखी एक पळी, आणि पुढच्या ताटाकडे सरकला. गुरुजी आले नव्हते. पोरगा माझ्यापुढे आला तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला. त्याने विचारलं, "नको, काका?" मी हात काढला. त्याने इतरांना वाढलं तेवढंच मला वाढलं, थेंब कमी नाही की जास्त नाही. मी जेवलो.

त्या मोसमात तो खेळला, पण डाव्या बगलेतून निघाला की लवकरच चेंडू दुसऱ्याला देऊन मोकळा व्हायचा. "पाय जड झालं केळ्याचं," गोलामागून रिक्षावाला ओरडायचा. पुढच्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरहून कोणी विचारलं नाही. दहावीनंतर तो साताऱ्याला गेला, वडिलांच्याच कारखान्यात लागल्याचं कळलं. त्याच्या आईवडिलांनी त्याचा खेळ बघितला की नाही, मला ठाऊक नाही. ना-हरकत दाखला त्याने नेलाच नाही, तो वहीच्या मागे टाचलेला राहिला.

जेवणाचा हिशेब असा झाला. अठरा किलो मटण, सत्तरच्या भावाने, मटणवाल्याला बाराशे साठ. तांदूळ, पीठ, तेल, मसाला, किराणावाल्याला चारशे सव्वीस. आचाऱ्याला अडीचशे. भांडी आणि सरपण, शंभर. एकूण दोन हजार छत्तीस. वरचे सव्वीस रुपये मी माझ्या खिशातून भरले आणि कधी मागितले नाहीत. वाढणाऱ्या पोरांना काही द्यायची पद्धत नव्हती. त्यांना काही दिलं नाही.