गिटारीच्या पोटातलं लेबल

तरुणपणी मी स्पेनमध्ये, ग्रॅनडातल्या एका गिटार बनवणाऱ्या म्हाताऱ्याकडे काही दिवस जाऊन बसत असे. नाशिकमधल्या माझ्या गिटारच्या सगळ्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे. त्यामुळे तो गेल्याची बातमी आली आणि लगेच त्याच्या नावाची एक गिटार माझ्यापुढे आली, तेव्हा मला संशयच आला. कारागीर गेला की त्याच्या हातच्या वस्तू अचानक वाढतात.

गिटार घेऊन आल्या होत्या गंगापूर रोडवरच्या एक काकू. त्यांचे यजमान सिन्नरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. कामानिमित्त स्पेनला गेले, तेव्हा त्यांनी ती आणलेली. आता तेही नव्हते.

"विकायची नाहीये," काकू बसायच्या आधीच म्हणाल्या. "खरी आहे का, तेवढं सांगा. ह्यांनी मला बऱ्याच थापा मारल्या. एक तरी गोष्ट खरी निघू दे."

मी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आत पाहिलं. लेबल ठीक होतं, सहीही त्याचीच. पण लेबल काय, कुणीही चिकटवतं. मी वरच्या फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या पाहिल्या. म्हातारा त्या कधी घासायचा नाही. "आत कोण बघायला जातंय?" म्हणायचा. इथे मात्र प्रत्येक पट्टी गुळगुळीत, टोकाकडे अलगद निमुळती होत गेलेली. काम त्याच्यापेक्षा सरस होतं. संशय आणखी वाढला.

"घेताना काय झालं, काही बोलले होते?"

"एका बाईने आतून आणून दिली म्हणे. तिनेच तारा लावल्या, वाजवून पाहिली. तो म्हातारा फक्त लेबल चिकटवायला उठला. म्हणून तर वाटतं, त्याने ह्यांना फसवलं. नाहीतर ह्यांनी मला."

मी आरसा खाली ठेवला. ती बाई मी पाहिली होती. मागच्या खोलीत, खिडकीपाशी, पाठमोरी. "माझी बहीण. पॉलिश करते," म्हाताऱ्याने सांगितलं होतं. पण त्या खोलीत लाकडाच्या भुशाचे ढीग असायचे. पॉलिशने भुसा पडत नाही. आणि म्हाताऱ्याने माझ्यादेखत एकही गिटार पुरी केली नव्हती. तो बोलायचा मात्र फार सुरेख.

"काकू, काकांनी खरं तेच सांगितलं," मी म्हणालो. "गिटार तिथलीच आहे."

"म्हणजे त्यानेच केलेली?"

"बहुतेक त्याच्या बहिणीने."

 काकू डोळे पुसून म्हणाल्या, "मग लेबलवर तिचं नाव का नाही?"

 गिटार कुणी केली ते त्यांनी लिहून मागितलं, मी 'बहुतेक म्हाताऱ्याच्या बहिणीने' असं लिहून दिलं. 'बहुतेक'वर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काढता येईल?"

"नाही हो."

"बरं, राहू दे." त्यांनी गिटार उचलली आणि रिक्षा बघायला बाहेर गेल्या.

अजून अधूनमधून त्यांचा फोन येतो. त्या बाईचं नाव कळलं का, म्हणून. ग्रॅनडातल्या ओळखीच्यांना मी विचारलंय. ते म्हणतात, ती पॉलिश करायची.